परक्या मातीत रुजलेले बी

(बी. ए. भाग दोन, कला शाखा)

मृग नक्षत्र निघाले की आपल्या पाटोदा तालुक्यात घरोघर दोनच प्रश्न ऐकू येतात. पाऊस कधी पडणार आणि बी उगवणार का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणाच्याच हाती नाही. दुसऱ्या प्रश्नाचे थोडेफार उत्तर मात्र माणसाच्या हाती आहे, आणि आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांना ते पुस्तक न वाचताही ठाऊक असते. धने जसेच्या तसे कोणी पेरत नाही, जोड्याने रगडून त्यांची दोन दले मोकळी करतात आणि मग पेरतात. कारल्याचे बी रात्रभर भिजत घालतात. सीताफळाने तर आपला बालाघाटचा डोंगर भरलेला आहे, पण त्याची काळी चकचकीत बी मातीत टाकली तर महिना महिना वर येत नाही. बाभळीची बी हवी असेल तर जाणता माणूस झाडाखाली शोधत बसत नाही, शेळ्यांच्या वाड्यात शोधतो. शेळीच्या पोटातून आलेल्या बीची टणक साल मऊ पडलेली असते आणि ती लवकर उगवते. शेळी नसेल तर उकळते पाणी ओतून एक दिवस तसेच ठेवायचे. सागाचे बी रात्री पाण्यात आणि दिवसा उन्हात असे आठ-पंधरा दिवस हाल सोसते, तेव्हा कुठे त्याला कोंब फुटतो.

मी शेतीशास्त्राची विद्यार्थिनी नाही. माझे विषय मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र. तरीही लेखाची सुरुवात बियांपासून केली, कारण ज्या माणसाचे चरित्र मला सांगायचे आहे त्याने पहिले अर्धे आयुष्य बंदुकीच्या मागे आणि उरलेले अर्धे बियांच्या मागे घालवले. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. विदर्भात त्यांचे नाव घेतले जाते. आपल्या मराठवाड्यात, निदान माझ्या वर्गात, ते फारसे कोणाला माहीत नव्हते. वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले आहे आणि त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत. ज्या विद्यार्थ्यांना कार्व्हर आवडला त्यांना हा वर्ध्याचा माणूसही आवडेल, अशी माझी खात्री आहे.

खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्धा येथे झाला. प्राथमिक शिक्षण वर्ध्याला आणि पुढचे नागपूरला झाले. त्यांच्या बालपणातच १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावरून गेले. पहिल्याच्या वेळी ते बारा वर्षांचे होते आणि दुसऱ्याच्या वेळी पंधरा. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ भोगलेली माणसे अजून घरात आहेत. लाल मिलो ज्वारीची भाकर आणि दुष्काळी कामावरची खडी यांच्या गोष्टी आपण त्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. त्यामुळे अशा वर्षात मोठा होणारा मुलगा काय पाहत असेल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्याच काळात लोकमान्य टिळकांच्या विचारांनी महाराष्ट्रातील तरुण पेटून उठले होते. खानखोजे त्यांपैकीच एक होते. इंग्रजांशी लढायचे तर युद्धशास्त्र शिकले पाहिजे आणि ते शिक्षण या देशात मिळणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यांनी घर सोडले आणि जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले.

अमेरिकेत त्यांनी दोन प्रकारचे शिक्षण घेतले. कॅलिफोर्नियातील टॅमलपाइस या लष्करी शाळेत ते दाखल झाले, आणि वॉशिंग्टन राज्याच्या महाविद्यालयात शिकून १९१३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात नांगर, असे हे विलक्षण शिक्षण होते. घरून पैसे येण्याची सोय नव्हती. त्या वेळचे बहुतेक हिंदी विद्यार्थी शेतात आणि कारखान्यात मजुरी करून शिकत, तसेच तेही शिकले. लाकडाच्या गिरण्यांत आणि फळबागांत राबणारे पंजाबी मजूर त्यांना तेथेच भेटले. पंडित कांशीराम यांच्यासह पोर्टलंड येथे त्यांनी हिंदी मजुरांची संघटना उभी केली. पुढे १९१३ मध्ये सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ आदी मंडळींनी जी संघटना स्थापन केली आणि जी गदर पक्ष म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे, तिच्या संस्थापकांत खानखोजे होते. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथून गदर हे पत्र निघाले. पक्षाची सशस्त्र बाजू सांभाळणाऱ्यांत खानखोजे यांचे नाव पुढे होते.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि गदरच्या मंडळींना वाटले की हीच वेळ आहे. शेकडो लोक जहाजांनी हिंदुस्थानाकडे निघाले. त्यांत एक मराठी तरुण होता, तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे. तो हिंदुस्थानात पोहोचला, मीरतच्या छावणीत पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा आणि इतर सोबत्यांबरोबर फासावर गेला. खानखोजे यांनी दुसरी वाट धरली होती. प्रमथनाथ दत्त आणि आगाशे या सोबत्यांसह ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. वाटेत इंग्रजांच्या फौजेतील हिंदी शिपायांमध्ये प्रचार करायचा, इराणातील टोळ्यांना संघटित करायचे आणि बलुचिस्तानच्या बाजूने हिंदुस्थानात शिरायचे, असा तो बेत होता. इराण-बलुचिस्तानच्या सीमेवर त्यांनी टोळ्यांबरोबर राहून इंग्रजांच्या ठाण्यांवर गनिमी हल्ले केले. परंतु युद्धाचे पारडे फिरले, मदत आटली आणि तो बेत वाळवंटातच विरला.

इतिहासाच्या पुस्तकात पिंगळे यांच्यासाठी एक ओळ तरी असते. जो फासावर गेला त्याचे बलिदान सर्वांना दिसते. जो वाचला, ज्याला परतायला वाट उरली नाही आणि ज्याला पुढे पन्नास वर्षे जगायचे होते, त्याचे काय? खानखोजे यांच्या चरित्रातील हाच प्रश्न मला सर्वांत अवघड वाटला. इंग्रज सरकारच्या लेखी ते धोकादायक माणूस होते. हिंदुस्थानात उघडपणे पाऊल ठेवणे शक्य नव्हते. युद्धानंतर ते युरोपात हिंडले, १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि इतर क्रांतिकारकांबरोबर मॉस्कोला जाऊन आले. तेथूनही फारसे काही हाती लागले नाही. अखेर १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले. त्या वेळी ते चाळिशीला आले होते. देश नाही, घर नाही, पैसा नाही. जवळ होते ते शेतीचे ज्ञान, आणि तेवढ्यावर त्यांनी दुसरे आयुष्य उभे केले.

मेक्सिकोही तेव्हा नुकताच एका मोठ्या क्रांतीतून बाहेर पडलेला होता. १९१० मध्ये तेथे उठाव झाला, आणि जमीन कसणाऱ्याच्या हाती यावी म्हणून एमिलियानो झपाटा हा शेतकऱ्यांचा पुढारी लढला. १९१९ मध्ये दगा करून त्याला ठार मारण्यात आले. क्रांतीनंतरच्या सरकारने जमीनवाटप हाती घेतले आणि शेतकऱ्याला शिकवण्याचा प्रश्न पुढे आला. मेक्सिको शहराजवळ चापिंगो येथे राष्ट्रीय कृषी विद्यालय होते. तेथे खानखोजे यांना वनस्पतिशास्त्र आणि पीकसुधारणा शिकवण्याचे काम मिळाले. गहू, मका, कडधान्ये यांवर ते प्रयोग करू लागले. थंडीच्या कडाक्यात आणि पाण्याच्या टंचाईत तग धरील असे बी तयार करणे हा त्यांच्या कामाचा रोख होता.

मक्याबद्दल येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. मका हे मेक्सिकोचे मूळ पीक. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील लोकांनी एका रानगवतापासून मका घडवला, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्या गवताला तेथे टिओसिंटे म्हणतात. आपल्याकडे त्याला मकचरी हे नाव आहे आणि जनावरांच्या चाऱ्यासाठी ती काही ठिकाणी लावतात. मक्याच्या कणसावर शेकडो दाणे असतात, तर टिओसिंटेच्या कणसात उणेपुरे पाच ते बारा. त्यातला प्रत्येक दाणा दगडासारख्या टणक कवचात बंद असतो. जनावराने खाल्ला तरी पुष्कळदा तो अखंड बाहेर पडतो. जमिनीत पडला की कवच मऊ होईपर्यंत तो थांबतो. लवकर उगवायला हवा असेल तर ते कवच हाताने काढावे लागते किंवा भिजवून मऊ करावे लागते. मक्याचे नेमके उलटे आहे. त्याचे दाणे उघडे, कोवळे आणि चटकन उगवणारे असतात, पण कणीस पानांत असे गच्च गुंडाळलेले असते की माणसाने सोलून पेरल्याशिवाय मका आपला आपण पसरू शकत नाही. रानगवताने हट्ट सोडला तेव्हा ते माणसाचे झाले, आणि त्या दिवसापासून ते माणसावाचून जगू शकत नाही.

खानखोजे यांनी मका आणि त्याचे हे रानटी नातलग यांचा बारकाईने अभ्यास केला. डाळिंबावरून नाव दिलेल्या एका विशेष मक्यावर त्यांनी १९३० च्या दशकात स्पॅनिश भाषेत लेखन केले. वर्ध्याचा माणूस, शिक्षण अमेरिकेत, संशोधन मेक्सिकोत आणि भाषा स्पॅनिश! आपल्याला इंग्रजीच्या पेपरची भीती वाटते, तेव्हा या माणसाची आठवण ठेवण्यासारखी आहे.

चापिंगोच्या विद्यालयात एक जुने प्रार्थनामंदिर आहे. मेक्सिकोचा जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा याने १९२४ ते १९२७ या काळात त्याच्या भिंती रंगवल्या. एका चित्रात मातीखाली झपाटा आणि त्याचा सहकारी मोंतान्यो हे दोघे हुतात्मे लाल वस्त्रात निजलेले आहेत आणि त्यांच्यावर मक्याचे पीक उभे आहे. दुसऱ्या एका चित्राचा विषयच अंकुरणे हा आहे. खानखोजे ज्या आवारात शिकवत होते त्याच आवारात ही चित्रे भिंतीवर उमटत होती. मला वाटते, ते पहिले चित्र पाहताना त्यांना लाहोरला फासावर गेलेले आपले सोबती आठवल्याशिवाय राहिले नसतील. रिव्हेराशी त्यांची ओळख वाढली. मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीत रिव्हेराने आपली भाकरी या अर्थाचे एक भित्तिचित्र काढले आहे. मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसे बसली आहेत आणि मधोमध बसलेला माणूस भाकरी मोडून वाटतो आहे. तो माणूस खानखोजे आहेत. मेक्सिकोच्या सरकारी इमारतीत, शेतकऱ्यांच्या पंगतीचा यजमान म्हणून, एक मराठी माणूस बसलेला आहे.

परंतु त्यांचे जे काम मला सर्वांत मोठे वाटते ते प्रयोगशाळेतले नाही. त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा सुरू केल्या. त्यात फी नव्हती. वर्षानुवर्षे शेतात राबलेली, बहुतांशी निरक्षर असलेली मोठी माणसे त्यांत शिकत होती. चांगले बी कसे निवडायचे, जमिनीचा कस कसा राखायचा, पीक कसे सुधारायचे, हे त्यांना त्यांच्याच गावात शिकवले जाई. तीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार स्त्रीने या शाळांची आणि खानखोजे यांच्या मक्याची छायाचित्रे काढली, म्हणून तो इतिहास डोळ्यांनी पाहता येतो.

या शाळांविषयी वाचताना मला एक फरक कळला. आपण न उगवणाऱ्या बीला सरसकट वाईट म्हणतो. परंतु न उगवणाऱ्या बिया दोन प्रकारच्या असतात. एक हट्टी बी, जसे बाभळीचे. ते आतून जिवंत आणि जोमदार असते, केवळ कवचाने अडवलेले असते. त्याला घासावे लागते, चरा पाडावा लागतो, गरम पाणी दाखवावे लागते. दुसरे जुने बी. त्याला कवचाची अडचण नसते, वर्षानुवर्षांच्या उष्म्याने आणि ओलीने त्याची ताकद झिजलेली असते. त्याला गरम पाणी दाखवले तर ते मरते. थंड पाण्यात बुडवून ठेवले तरी ते कुजते, कारण झिजलेली साल पाणी एकदम आत घेते आणि आतला जीव फुटतो. त्याला ओल्या फडक्यात ठेवून हळूहळू ओल द्यावी लागते, उथळ पेरावे लागते, दाट पेरावे लागते आणि इतरांपेक्षा जास्त दिवस वाट पाहावी लागते. एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर दोन्ही हातचे जातात.

हे मी पुस्तकात वाचले त्याच्या आधी घरी पाहिले होते. आमच्या घरी आजीच्या मडक्यात दगडी ज्वारीचे बी होते. राख आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्याचे तोंड तिने शेणमातीने लिंपले होते. सात वर्षांपूर्वीचे ते बी होते. मधल्या काळात आम्ही दुकानातून पिशव्या आणू लागलो आणि मडक्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. एका खरिपात असे विकतचे सोयाबीन निम्मेही उगवले नाही आणि दुबार पेरणी करावी लागली. उचलीचे पैसे त्यातच गेले. त्या हिवाळ्यात आजीने मडके उघडले. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या ओळींत मांडले आणि गोणपाट गुंडाळून ठेवले. कृषी खातेही आज उगवण तपासण्याची हीच रीत सांगते. शंभरात सत्तर उगवले तर सोयाबीन पेरायला हरकत नसते, ज्वारीला पंचाहत्तर लागतात. आमचे सहाव्या दिवशी तेवीस उगवले. मला ते फुकट गेल्यासारखे वाटले. आजीने ते तेवीस कोंब एकेक करून वाफ्यात लावले, सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडले आणि कणसे आली तेव्हा त्यांतली चांगली निवडून आढ्याला बांधली. किलोभर बी झाले. सत्त्याहत्तर दाण्यांचा हिशेब तिने कधी काढला नाही.

माझे आई-वडील दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यावर जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. आपल्या वर्गात अशी घरे माझ्या एकटीचे नाहीत. मी आजीजवळ राहून शिकले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. आमच्या भावकीत मला अनेकदा सांगण्यात आले की शिक्षण आमच्या रक्तात नाही. खानखोजे यांचे चरित्र वाचल्यावर मी या बोलण्याचा नीट विचार केला. रक्तात नव्हते असे नाही. कवच होते. शाळेच्या दिवसांत गाव सोडून फडावर जावे लागणे हे कवच होते, मुलीचे लग्न लवकर उरकणे हे कवच होते. कोणीतरी त्याला चरा पाडला की आतला जीव बाहेर येतो. माझ्या बाबतीत तो आजीने पाडला. लग्नाच्या दोन स्थळांना तिने दारातून परत पाठवले. तिसरे या उन्हाळ्यात आले आहे.

पण आईचे तसे नाही. ती चौथीतून शाळा सुटलेली, आता चाळिशीची आहे. मुकादमाच्या वहीत अंगठा उमटवते. गेल्या उन्हाळ्यात मी तिला लिहायला शिकवू लागले, तेव्हा माझ्या पद्धतीत घाई होती. एकदम बाराखडी, एकदम शुद्धलेखन. ती दमून जाई आणि पाटी बाजूला सारी. मग मी दिवसाला एक अक्षर धरले, तेही भाकरी झाल्यावर, चुलीपुढे. दीड महिन्यात तिने आपले नाव लिहिले. ती हट्टी बी नव्हती, झिजलेली होती. तिला ओल्या फडक्याची गरज होती. मेक्सिकोतील त्या शाळांत चाळीस-पन्नास वर्षांची माणसे शिकत होती, हे वाचले तेव्हा मला वर्धा, चापिंगो आणि आमची चूल ही तीन ठिकाणे एका रेषेत दिसली.

खानखोजे यांचे पुढचे आयुष्य थोडक्यात असे. १९३६ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी जीन अलेक्झांड्रिन सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. त्यांना सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. परक्या देशात जन्मलेल्या मुलींची नावे त्यांनी अशी ठेवली, यातच त्यांच्या मनाची ओढ दिसते. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९४९ मध्ये ते मायदेशी यायला निघाले. त्या वेळी एक दुर्दैवी प्रकार घडला. इंग्रजांनी ज्यांना देशबंदी केली होती त्यांच्या यादीत त्यांचे नाव तसेच राहिलेले होते. देशासाठी घरदार सोडलेल्या माणसाला स्वतंत्र देशाच्या दारात अडवण्यात आले. पुढे ती अडचण दूर झाली आणि ते आले. १९५० च्या दशकात ते नागपुरात कायमचे स्थायिक झाले. चाळीस वर्षे बाहेर काढलेल्या माणसाला आपल्या भाषेत, आपल्या लोकांत पुन्हा मुळे धरायची होती. म्हातारपणी हे काम सोपे नसते. परदेशात त्यांचा जेवढा मान होता तेवढा येथे झाला नाही.

आता एक योगायोग सांगते. १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग हा अमेरिकन शास्त्रज्ञ मेक्सिकोत गव्हाच्या संशोधनासाठी आला. त्याने तयार केलेल्या बुटक्या जातींचे १८,००० टन बी १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून आणले आणि आपल्याकडील हरितक्रांती सुरू झाली. ज्या देशातून बी आले त्या देशाच्या शेतकऱ्यांना बी निवडायला शिकवणाऱ्यांत नागपूरला राहणारा एक वृद्ध मराठी माणूस होता. बोरलॉगच्या गव्हाचे श्रेय खानखोजे यांना देणे बरोबर होणार नाही, ते काम वेगळे होते. पण १९६६ मध्ये ती जहाजे आली तेव्हा खानखोजे हयात होते, आणि त्यांची आठवण किती जणांनी काढली असेल, हा विचार मनाला चटका लावतो. त्यानंतर काही महिन्यांतच, २२ जानेवारी १९६७ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

मेक्सिको त्यांना विसरला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांचे नाव छापले. काही बिया इतका वेळ घेतात.

मित्रमैत्रिणींनो, थोरांचे चरित्र वाचून आपण सहसा म्हणतो की त्यांच्यासारखे व्हावे. मी तसे म्हणत नाही. इराणच्या वाळवंटात लढणे किंवा सातासमुद्रापार जाऊन मक्यावर ग्रंथ लिहिणे आपणा सर्वांना जमणार नाही. परंतु एक गोष्ट त्यांच्यापासून घेण्यासारखी आहे. ज्या कामासाठी ते घराबाहेर पडले ते काम फसले. तरुणपणीच्या सर्व बेतांवर पाणी पडले. अशा वेळी माणूस कडू होतो किंवा खचतो. त्यांनी हाती उरलेले दाणे मोजले आणि मिळाली त्या मातीत लावले. माती मायदेशाची नव्हती म्हणून त्यांनी पेरणी थांबवली नाही. भुकेला माणूस वर्ध्याचा असो वा मेक्सिकोचा, त्याची भाकरी त्यांना सारखीच वाटली.

मांजरा नदी आपल्याच तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते आणि पाणी मात्र पुढच्या लोकांना मिळते, अशी तक्रार आपण नेहमी करतो. माणसांचेही आपल्याकडे तसेच होते. आपले हात दुसऱ्यांचा ऊस तोडतात, आपली हुशार मुले पुण्या-मुंबईला जातात. जाणाऱ्याने जावे. खानखोजेही गेले होते. पण जे मागे आहेत, ज्यांच्यावर उगवत नाहीत असा शिक्का बसला आहे, त्यांच्यापैकी हट्टी कोण आणि झिजलेले कोण हे ओळखायला आपणच शिकले पाहिजे. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी होते. यंदा त्या शिबिरात रस्ता झाडण्याबरोबरच दोन कामे करता येतील. गावातील जुन्या माणसांकडे मडक्यात, पेटीत, आढ्याला जे बी शिल्लक असेल त्याचे शंभर शंभर दाणे मागून घेऊन ते गोणपाटावर तपासावे. आणि पाडव्यानंतर फडावरून परतणाऱ्या ज्या आया-बहिणींना आपले नाव लिहायचे असेल त्यांच्यासाठी रोज एक तास काढावा. गोणपाट, पाटी आणि पेन्सिल एवढेच साहित्य लागेल.

या उन्हाळ्यात आलेल्या तिसऱ्या स्थळाला काय उत्तर द्यायचे ते घरात अजून ठरलेले नाही. पण आईने यंदा मुकादमाच्या वहीत अंगठा न देता सही केली, आणि तृतीय वर्षाच्या प्रवेश अर्जावर पालकाच्या जागी सही करायची वेळ आली तर ती आपणच करणार, असे तिने वडिलांना सांगून ठेवले आहे.